पालथं ताट

आधीच सांगून टाकते, या सदरातल्या अनुभवांची मी आजवर यथेच्छ टिंगल केलेली आहे. 'पिंपळ आला, पांढरी साडी आली, आता पैंजण कधी?' असल्या कमेंट इथे वाचल्या असतील तर त्यातल्या निम्म्या माझ्या. मुलुंड-भांडुप पट्ट्यात आमचा एक छोटा गट आहे. बुवाबाजी, करणी, अंगात येणं, पाळीत बाजूला बसवणं — या सगळ्याविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो, शाळांत जातो, नाक्यावर उभं राहून भांडतो. पत्रकं बहुतेक मीच लिहिते. 'जागे व्हा!' हे मी झोपेतही टाइप करू शकेन.

आणि तरी हे लिहितेय. गटात अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्यांच्यासमोर भुताची गोष्ट सांगायला लाज वाटते असं नाही... खरी लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे. वाचाल तेव्हा कळेलच.

गेल्या थंडीत मी आणि निकिता बारव बघायला निघालो. बारव म्हणजे दगडी पायऱ्यांची जुनी विहीर; मला त्यांचं वेड आहे. निकिता कॉलेजपासूनची मैत्रीण, घाटकोपरला राहते, आमच्या चळवळीशी तिचा संबंध चहापुरता. गावाचं नाव देत नाही. बार्शीहून परांड्याकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की लागतं. धड खेडं नाही, धड शहर नाही. एसटी स्टँड, मोबाइलची दुकानं, एक ज्वेलर्स, आणि ते संपलं की लगेच ज्वारी.

एसटीतून आधी मी उतरले, निकिता मागून. हे लक्षात ठेवा. पाय जमिनीला लागतोय तोच एक बाई समोर आली. तिशीतली, डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या.

"ताई, भायेरगावच्या न्हवं तुमी? चला, ताट वाढलंय."

"कोणाचं ताट?"

"तुमचंच की."

तिचं नाव वैशाली. चालता चालता तिने सांगितलं की काल गावची जत्रा झाली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी स्टँडवर जो पहिला परका माणूस उतरेल त्याला घरी नेऊन जेवू घालायचं. दरवर्षी एका घराची पाळी, यंदा त्यांची. याला 'वाटसराचं ताट' म्हणतात. निकिता माझ्या कानाशी लागली, "झकास यार! स्टँडवरचा वडापाव वाचला."

घरात वैशालीच्या सासूबाई, गोदाक्का. साठी ओलांडलेल्या, काटकुळ्या, आवाज मात्र बैलाला हाकारणारा.

"कुठल्या म्हनायच्या लेकी तुमी?"

"मुंबईच्या."

"मुंबईत कुठं?"

"मी मुलुंडची."

"आन् ही?"

"घाटकोपर."

"मग मुंबईत कोन ऱ्हातं?" आक्का म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसल्या.

जेवण काय सांगू... ज्वारीच्या गरम भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर गव्हाची खीर. ताट पहिल्या उतरलेल्या माणसाचं, म्हणजे माझं. निकितालाही वाढलं, पण साध्या ताटलीत. माझं पितळेचं, जुनं, काठाला चेमटलेलं. मी हात धुतल्यावर आक्कांनी ते ताट स्वतः घासलं आणि चुलीशेजारी पालथं घालून ठेवलं.

"असं का ठेवलंत?" मी विचारलं.

"आता तू घरला पोचलीस की कळव. मग ह्ये ताट उताणं करायचं आन् त्याच्यातच मी जेवायचं."

"आणि तोपर्यंत?"

"तोवर पानी पिईन की."

झालं. माझ्यातली पत्रकवाली जागी झाली.

आक्कांनी सगळं सांगितलं. पूर्वी इथून बैलगाड्यांची वाट जायची. मध्ये नदी, पुढे लुटारू. गावात जेवून गेलेला माणूस पुढे पोचायचाच असं नव्हतं. म्हणून त्याने पुढच्या मुक्कामावरून, उलट येणाऱ्या गाडीवानाजवळ निरोप धाडायचा. निरोप येईपर्यंत जिने वाढलं तिने जेवायचं नाही. आता मोबाइल आले, फोनवर भागतं.

"पण उपाशी राहायचं ते बाईनेच का?" मी म्हटलं.

"मग कोन ऱ्हाईल? म्हातारा? त्यो तर घंटाभर दम काढायचा न्हाय."

"ऐकतोय मी!" ओसरीवरून आजोबा ओरडले.

"ऐका की! खोटं हाय का?"

सगळे हसले. मी नाही हसले. म्हटलं, "आक्का, तुम्ही जेवलात काय, न जेवलात काय, माझी एसटी त्यावर चालत नाही. समजा मी कळवलंच नाही तर?"

"असं कोन करतंय!"

"समजा केलं."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. रागावून नव्हे... लहान पोराने भलतंच विचारल्यावर बघतात तसं. "कळवल्याबिगर पोचलीस असं कसं म्हनावं, लेकी?"

बारव बघितली, फोटो काढले, दुपारच्या एसटीला निघालो. स्टँडपर्यंत वैशाली सोडायला आली. माझ्या मोबाइलमध्ये तिने तिचा नंबर घातला, मिस्ड कॉल देऊन माझा घेतला. मग सासूबाईंबद्दल हळूच म्हणाली, "ताई, तेवढं आठवणीनं कळवा. आत्यांना शुगर हाय. गोळ्या चालू हाईत. कुनाचं ऐकत न्हाईत."

"मग तुम्ही त्यांना जेवायला घाला ना! माझ्या फोनची वाट कसली बघता?" मी ताडकन म्हणाले.

म्हणजे मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर मी स्वतःला बरेच दिवस 'मला काय कल्पना' असं सांगत होते. कल्पना होती. स्टँडवर उभं राहून मला नीट सांगितलेलं होतं.

एसटी सुटल्यावर मी फोन बंद केला. निकिताला सांगितलं, "मी कळवणार नाही."

"काय?"

"असली प्रथा मोडायची कशी? कोणीतरी एकदा कळवायचं नाही. काही वाईट होत नाही हे गावाने बघायचं. आपोआप बंद होईल. प्रयोग आहे हा."

"अगं पण त्या बाईला शुगर आहे!"

"म्हणूनच तर! तिला कळेल की वाट बघण्यात अर्थ नाही, आणि जेवेल."

"एक फोन कर ना यार. काय जातं तुझं? आत्ताच कर, खोटंच सांग पोचलो म्हणून."

"खोटं बोलायचं नाही आणि प्रथाही पाळायची नाही."

"मग मी करते."

"नंबर माझ्याकडे आहे," मी म्हणाले. हे बोलताना मला मजा वाटली होती, हेही लिहून ठेवते.

रात्री पुण्यात निकिताच्या मावशीकडे थांबलो. निकिताच्या फोनवरून मी आईला कळवलं की उद्या जेवायला घरी येते. म्हणजे बघा, आईला कळवलं... मावशीने वरणभात वाढला तेव्हा निकिता ताटाकडे बघून म्हणाली, "त्या जेवल्या असतील का गं?" मी म्हटलं, "लोक उपास सांगतात आणि गुपचूप खातात. मी पाहिलेत खूप." आणि वरणावर तूप मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. निकिता मावशीकडेच राहिली, मी एकटी बोरिवलीच्या बसने निघाले आणि ऐरोलीला उतरले. तिथून मुलुंड पूर्वेला रिक्षाने पाच-दहा मिनिटं. एकही रिक्षा थांबेना. मी हात करतेय, रिकाम्या रिक्षा समोरून जातायत. मुंबईत राहणाऱ्या माणसाला यात काय नवल? शिव्या घातल्या आणि बस पकडली. कंडक्टर माझ्यापर्यंत तिकीट द्यायला आलाच नाही. म्हटलं, चला, रिक्षावाल्यांचं पाप याने फेडलं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. मी "काय काका" म्हटलं, त्याने मान वर केली नाही. रोज करतो असं नाही, पण कधी कधी करतो.

आमचं घर गव्हाणपाड्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझे आजोबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर घेतलेली वन बीएचके. बाबा तेव्हा कणकवलीला गेले होते, घरी आई आणि धाकटा भाऊ ओंकार. माझ्याकडे लॅचची किल्ली असते. दार उघडून आत आले. आई ओट्याशी, पाठमोरी.

"आई, आले गं."

उत्तर नाही. मला वाटलं, फोन बंद ठेवला म्हणून रागावली. आमच्या आईचा अबोला हा गव्हाणपाड्यातला गाजलेला प्रकार आहे. बाबांशी ती एकदा गणपती ते दिवाळी बोलली नव्हती. म्हटलं, राहू दे. आंघोळीला गेले, केस धुतले. बाहेर आले तर आई गॅलरीत उभी राहून फोनवर माझ्या मावशीशी बोलतेय, "अगो, अजून नाय इली. फोन बंद लागता. जेवायला येते म्हणालेली... खंय रवली काय माहीत."

"ओव्हर होतंय हं, आई," मी म्हणाले.

मला भूक लागली होती. स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्याच एक तळलेला बांगडा खाल्ला. आई आत आली, तिने ताटलीकडे बघितलं आणि खिडकीकडे गेली. "मांजर शिरला काय परत?" खिडकी लावून घेतली. मी तिच्या शेजारी उभी. माझ्या हाताला मसाला लागलेला.

एवढ्यात ओंकार खालून आला. "ताई आली?"

"नाही ना रे."

तो बेडरूमपर्यंत गेला. मी दारातच उभी होते. त्याने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "बॅग पण नाही," म्हणाला. बॅग पलंगावर होती.

ओंकारला शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाडाचं काम दिलं होतं, तेव्हाही तो मध्येच हसला होता. त्याला नाटक जमत नाही. मी ओरडले, "बास ना आता, ओम्या!" त्याने पंखा एकने वाढवला आणि सोफ्यावर बसला.

आईने पानं घेतली. ओंकारचं वाढलं. तिचं रिकामंच ठेवलं. माझं स्टीलचं ताट काढलं, फडक्याने पुसलं आणि ओट्यावर पालथं घातलं. आई नेहमीच असं करते, पाल पडेल म्हणून. नेहमीच करते...

"तू जेव रे," ती ओंकारला म्हणाली. "ती पोचल्याशिवाय माझ्या घशाखाली नाही उतरणार."

मी तिचं कोपर धरलं. घट्ट. आईने दुसऱ्या हाताने तिथे खाजवलं. "डास किती झालेत. मशीन लाव रे."

मी त्या क्षणी काय विचार केला, विचारू नका. विचार नव्हताच. बेडरूममध्ये धावले, बॅगेतून मोबाइल काढला आणि परत आईजवळ येऊन चालू केला. वैशालीच्या मिस्ड कॉलचे मेसेज एकाखाली एक येत गेले. मसाल्याचे डाग स्क्रीनवर उमटले.

"वैशालीताई, मी ऋतुजा. मुंबईची."

"आता झाली सवड?"

"आक्का कशा आहेत?"

"दवाखान्यात हाईत. काल रातीला गोळी घेतली, पोटात अन्न न्हाय. सकाळी चुलीम्होरं पडल्या, हात भाजला. शुद्धीवर आल्या तसं डाक्टर सलाईन लावाया गेला तर हात वढून घेत्यात. आदी पोरगी पोचली का इचारा, म्हंत्यात." तिचा आवाज फुटला. "मी तर तुमच्याच बाजूची व्हते ताई. मला सांगितलं असतं तर मीच खोटं बोलले असते, पोचल्या म्हनून. पन तुमी आदी त्यांच्या तोंडावरच म्हनालात न्हवं, कळवलं न्हाय तर काय व्हतं? तवापासनं त्या मला म्हंत्यात, मला फसवू नगं, फोन माज्या कानाला लाव."

"लावा. लावा ना प्लीज."

खरखर झाली. मग तो आवाज, पार खाली गेलेला.

"पोचलीस का गं, लेकी?"

"पोचले, आक्का."

"घरात पोचलीस? का रस्त्यातनंच बोलतीस?"

"घरात आहे. स्वयंपाकघरात."

"आई हाय का जवळ?"

आई माझ्यापासून हातभर अंतरावर होती. माझ्या आरपार दाराकडे बघत होती.

"आहे."

"मग झालं," आक्का म्हणाल्या. "वैशे, ताट आन गं."

फोन कानाला होता तोच पाठीत धपाटा बसला. "अगो बाय माझ्या! कधी इलस? आणि दार कोणी उघडला? फोन कित्याक बंद? हय मी मेली जीव मुठीत धरून..." मग तिचा हात माझ्या डोक्यावर थांबला. "आणि केस ओले कसे तुझे?"

ओंकार सोफ्यावरून वळून बघत होता. "ताई? तू कुठून आलीस? मी इथेच बसलोय ना!"

मी तिथेच खाली बसून रडले. आईला वाटलं, प्रवासात काही झालं. तिने पालथं ताट सरळ केलं आणि वाढलं.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. थकवा. अपराधीपणाने मनाने रचलेला खेळ. आई चिंतेत होती, लक्ष नव्हतं. ठीक. रिक्षावाल्यांचं मी सोडून देते, वॉचमनचंही. पण बांगडा कोणी खाल्ला यावर आई आजही मांजराचं नाव घेते. 'मी तुला हाक मारली होती' असं सांगितलं तर म्हणते, "मारली असतीस तर मी ऐकली नसती? दोन्ही कान तुझ्यासाठीच तर लावून बसले होते."

दोन आठवड्यांनी मी परत त्या गावी गेले. एकटी. वैशालीने दार उघडलं, आत घेतलं. ज्या गावात परक्याला स्टँडवर पाणी देतात, तिथे तिने मला पाणी विचारलं नाही. बरोबरच केलं. आक्का ओसरीवर. उजव्या हातावर मनगटापासून वर भाजल्याचा मोठा गुलाबी डाग, कातडी ताणलेली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आलीस न्हवं? मग!" एवढंच. मला वाटत होतं, त्यांनी दोन शिव्या दिल्या तर बरं होईल... नाही दिल्या.

मग मी घरी काय घडलं ते सांगितलं. विचारलं, पूर्वी कोणाला असं झालंय का?

"मला काय ठावं?" आक्का म्हणाल्या. "न कळवनारी तूच पैली. आन् आदी कुनी आसंल, तर जे पोचलंच न्हाई, ते सांगाया कुटनं येनार?"

माझ्या लॅपटॉपवर एक पत्रक अर्धवट पडून आहे. एसटीत बसून मनातल्या मनात रचलेलं आणि पुण्यात निकिताच्या मावशीकडे टाइप केलेलं. 'निरोपासाठी उपाशी राहू नका! कळवलं नाही तर काहीही होत नाही, हे आम्ही प्रयोगाने सिद्ध केलं आहे.' पहिलं वाक्य मला आजही शंभर टक्के पटतं. कोणत्याही बाईने कोणासाठी उपाशी राहू नये, आणि हे मी नाक्यावर ओरडून सांगत राहीन. दुसरं वाक्य खोडायला जाते तेव्हा 'प्रयोग' या शब्दावर बोट थांबतं. तो मी कोणावर केला, हे लिहायची पत्रकात सोय नसते.

बाकी जे घडलं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर कमेंटमध्ये लिहा. टिंगल केलीत तरी चालेल, तो हिशेब तुमचाच माझ्याकडे बाकी आहे.

त्या दुसऱ्या खेपेहून परतताना मी सोसायटीच्या गेटवरूनच फोन लावला. आक्का म्हणाल्या, "पोचलीस?" मी म्हटलं, "पोचले, जेवा तुम्ही." या वेळी ताट नव्हतं, उपास नव्हता, त्या कधीच्या जेवून बसल्या होत्या. तरी सांगितलं. वर बघितलं तर आई गॅलरीत उभी होती, तिने हात केला.

तो मलाच केलाय ना, हे बघायला मी आधी मागे वळून पाहिलं.